न सुटणारा आंबा

"आबा, स्क्रीन खंय आसा?"

"उनात घातलंय. सुकाक."

"सुकाक? तो काय बांगडो आसा?"

मी अंगणाकडे अशी धूम ठोकली, की मालवण बंदरातली शिडाची होडीही मागे पडली असती.

आबा म्हणजे आमच्या छपाईच्या कारखान्याचे मालक. गोष्ट साठ सालानंतरची. स्क्रीन म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं रेशीम. त्यावर इमल्शन फासायचं, म्हणजे जिलेटिन आणि बायक्रोमेटचा थर. उजेड लागेल तिथे तो घट्ट होतो. न लागेल तिथला पाण्याने धुऊन जातो आणि त्या वाटेने शाई कापडावर उतरते. काम संपलं की थर काढून नवं चित्र घ्यायचं. आमच्या एकुलत्या एक स्क्रीनवर होता आंबा. तिथे हवा होता होडीचा नांगर, पताकांवर छापायला. दाजी तांडेलांचा नवा मचवा उद्या पाण्यात जायचा होता, आणि पताका न्यायला दाजी संध्याकाळी जेवायलाच येणार होते.

मी थर काढायला स्क्रीन भिजत घातला होता. पण आमच्या किनाऱ्यावर ओलं दिसलं की उन्हात, हा धर्म! आबांनी तो पाळला. उन्हाने थर दगड झाला.

गरम पाणी झालं, सोडा झाला. आंबा ढिम्म. ब्लिचिंग पावडर लावावी तर रेशीमच खलास, आणि दुसरं यायचं थेट मुंबईहून.

"दाजीक काय सांगू रे?" आबा घामाघूम. "मचव्यार आंबो लाव म्हणान?"

तेवढ्यात पडवीत कच्ची पपई दिसली. आबांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, दाजींसाठीचं मटण मऊ व्हावं म्हणून त्याला चोळायला ठेवलेली. जिलेटिन कशाचं? हाडाकातड्याचं. म्हणजे मटणाचा भाऊच! मी कुणाला न विचारता ती किसली आणि स्क्रीनवर थापली.

मग आठवलं, रेशीमही किड्याचंच. कुठे थांबायचं ते पपईला कोण सांगणार?

आबा चौकटीसमोर बसले, जणू आत बाळंतपण चाललंय. मी देवाला आधी नारळ बोललो, मग कोंबडा, मग आबांचा रेडिओ. शेवटी बोटाने कडा चाचपली. बुळबुळीत! पाणी ओतलं तसा आंबा गटारात गेला. स्क्रीन उजेडात धरला. रेशीम ताठ, नुसती पिवळट सावली उरलेली. सावली छापत नाही.

संध्याकाळी पताका तयार. दाजी खूश होऊन पानावर बसले. एक घास चावला. चावतच राहिले.

"आबा, पताका झकास. पण ह्यां मटाण दाताक सुटणा नाय रे!"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे.

तेव्हा स्क्रीन उन्हात घालू नये. घालायचाच असेल, तर घरात पपया दोन असाव्यात.