आबांचा स्वॅब

आबांना सोलापूरहून घेऊन आलेली ॲम्ब्युलन्स दुपारी आमच्या रुग्णालयाच्या दारात थांबली, तेव्हा मी ड्यूटीवरच होते. धाराशिवच्या एका रुग्णालयात मी नर्स आहे. एका पेशंटचा संसर्ग दुसऱ्याला होऊ नये, हे पाहणं माझं काम. आबा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म मेंढरांमागं गेला त्यांचा. येरमाळ्याजवळ हायवे ओलांडताना मोटारसायकलची धडक बसली आणि खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला ऑपरेशन झालं, मग छातीत कफ धरला आणि बरेच दिवस आयसीयूत गेले. धोका टळला तसं भावानं त्यांना घराजवळ, माझ्या नजरेखाली आणायचं ठरवलं.

स्ट्रेचर उतरलं आणि भाऊ थेट वॉर्डाकडं निघाला. मी त्याला अडवलं.

बाहेरच्या आयसीयूतून आलेल्या प्रत्येक पेशंटला आमच्याकडं आधी वेगळ्या खोलीत ठेवतात. स्वॅबचा रिपोर्ट आला की मगच वॉर्डात नेतात. हा नियम मीच भांडून करून घेतला होता. त्याआधी असाच एक माणूस बाहेरून आला. त्याच्या आतड्यात कुठल्याच अँटिबायोटिकला न जुमानणारा जंतू होता. त्याला स्वतःला काही झालं नाही, तो चालत घरी गेला. पण आमच्याच कुणाच्या तरी हातांवरून तो जंतू शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीपर्यंत पोचला आणि तिच्या रक्तात उतरला. अगदी ठेवणीतली औषधंही तिला लागू पडली नाहीत, ती गेली. तेव्हा तपासणीचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागायचे, तोवर सगळं होऊन जायचं. आता टीबीच्या थुंकीसाठी वापरतात तसलं मशीन आलंय, तासाभरात कळतं.

हे सगळं भावाला माहीत होतं. नियम आपल्याला नसतो, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आमचे मोठे डॉक्टरही तिथं आले. सिस्टर, तुमचेच वडील आहेत, घ्या वॉर्डात, स्वॅब मागाहून पाठवू, असं त्यांनी भल्या मनानं सुचवलं.

मी म्हटलं, "सर, माझ्या बापाला सोडलं तर उद्या कुणाच्या बापाला अडवू?"

त्यांनी स्ट्रेचर वळवायला सांगितलं. आबांना कोपऱ्यातल्या खोलीत नेलं.

खरी अडचण पुढंच होती. हा स्वॅब करोनातल्यासारखा नाकातून घेत नाहीत, गुदद्वारातून घेतात. आबांना मी ते सरळ सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. सोलापूरला परक्या माणसांनी अंगावरचं सगळं फेडून बघितलं, ते सोसलं, म्हणाले. आता लेकीच्या दवाखान्यात बी तेच का?

"आन न्हाय दिलं तर?"

"तर घरी जाईपर्यंत याच खोलीत राहायचं. तुम्ही नाही म्हणालात तर कुणी हात लावणार नाही. पण वॉर्डात मी नेणार नाही तुम्हाला."

"लई कडक झालीस."

"तुमचीच लेक आहे."

त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं आणि आमच्या पुरुष नर्सला आत बोलावून घेतलं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आबांच्या पोटात तोच जंतू होता. त्यांना त्याचा काही त्रास नव्हता, त्यामुळं औषधही द्यायचं नव्हतं. आत जाताना गाऊन-हातमोजे घालायचे, बाहेर येताना हात धुवायचे आणि त्यांचं सामान दुसऱ्या कुणाला वापरायचं नाही, एवढंच. तशी पाटी मी दारावर लावली.

संध्याकाळी बेंबळीहून आत्या आली, आबांची धाकटी बहीण. पाटी वाचून तिनं भाकरीचं फडकं तिथंच बाकड्यावर ठेवलं. पोरीनं शिकून बापाला वाळीत टाकलं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होती. मी गाऊन तिच्यापुढं धरला. हा घाल आणि खुशाल भावापाशी बस, म्हणून सांगितलं. तिनं तो घेतला नाही. तशीच निघून गेली.

रात्रभर मी तिच्यावर चिडून होते. सकाळी ड्यूटीवर आले आणि बघते तर आबांच्या नाश्त्याचं ताट उंबऱ्यावर ठेवलेलं. उपमा गार झालेला. आबा उठू शकत नव्हते, त्यांचा हात ताटापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं.

"म्या इटाळलोय का?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी शांत होता.

आत्याचं बोलणं मी झटकून टाकलं होतं. हे मात्र झटकता येईना. माझ्या पाटीचा माझ्याच माणसांनी असा अर्थ लावला होता.

मी वॉर्डातल्या सगळ्यांना त्या दारापाशी बोलावलं. आवाज चढला होता, तो खाली आणायची मला गरज वाटली नाही. "ही पाटी जंतूसाठी आहे, माणसासाठी नाही. या खोलीतलं ताट हातात द्यायचं. पेशंटला उठवून बसवायचं, बरं वाटतं का विचारायचं. ज्याला उंबऱ्यावर ताट ठेवायचंय त्यानं माझ्या वॉर्डात काम करू नये."

आमच्या मावशी, म्हणजे वॉर्डात साफसफाई आणि जेवणाचं बघणाऱ्या बाई, हळूच म्हणाल्या, "सिस्टर, घरी नातू हाय वो तान्हा. मला भ्या वाटतंय."

त्यांच्यावर रागवता येईना. भीती खरी होती, आणि नियम लावताना मी तो त्यांना नीट समजावलाच नव्हता. मी त्यांना सांगितलं, हा हवेतून उडत नाही, हातावरून जातो, आणि हात आपल्या ताब्यात आहेत. मग त्यांच्यासमोर गाऊन-हातमोजे घालून आत गेले. आबांना पाठीला उशी देऊन बसवलं, गरम उपमा मागवून घास भरवले. बाहेर येऊन सगळं उतरवलं आणि कोपरापर्यंत हात धुतले. दुपारचं ताट मावशी घेऊन गेल्या. पुढं त्या आणि आबा मेंढरांवरून तासन्‌तास बोलत, आणि मलाच त्यांना कामाची आठवण करून द्यावी लागे.

आबा काठी घेऊन चालायला लागल्यावर घरी गेले. जंतू अजून पोटात असेल, तो काही महिने राहू शकतो, हे मी घरी सांगितलं होतं. संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणानं हात धुवायचे, एवढंच पथ्य, आणि ते घरातल्या सगळ्यांनीच पाळायचं. तरी चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरी देवीच्या यात्रेला निघायचं ठरलं तेव्हा भावाचा पाय अडखळला. पाहुण्यांच्या पंगतीत आबांना बसवावं का, लोक काय म्हणतील, असं तो फोनवर चाचरत विचारत होता. मी रजा काढून गेले आणि जीपमध्ये आबांच्या शेजारी बसले.

पंगतीपाशी आबांनी नळावर साबणानं हात धुतले आणि रांगेच्या मधोमध जाऊन बसले. दोन पाहुणे सरकले. आबा त्यांच्याकडं बघून म्हणाले, "सरका, सरका. मला बी ऐसपैस बसायचंय."

वाढायला आत्याच होती. तिनं आबांच्या ताटात पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं, आणि शेजारी बसलेल्या मला वगळून पुढं गेली. माझ्याशी ती अजून बोलत नाही. नाही तर नाही. बाहेरच्या आयसीयूतून येणाऱ्याचा स्वॅब मी आजही वॉर्डात नेण्याआधीच घ्यायला लावते, मग कुणाचाही फोन येऊ दे.