हाय आपलं काहीतरी!

माझ्या मुलीचा धंदा मी भर दुपारी, खुर्चीत बसून, एकही वाईट शब्द न उच्चारता बुडवत आणला होता. ही गोष्ट आजवर मी कुणाला धड सांगितलेली नाही. (बायकोला माहीत आहे. पण तिला मी सांगायच्या आधीच सगळं माहीत असतं.) वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मनावरचं ओझं झेपत नाही, म्हणून सांगून टाकतो.

आमचं मूळ गाव कवठे महांकाळच्या पलीकडं. वडील मेंढरं राखायचे. आमच्यात रीतच अशी की आपल्या जित्राबाचं आपण कौतुक करायचं नाही, दृष्ट लागते. वडिलांचा एक मेंढा होता, एवढा दांडगा की बाजारात लोक वळून वळून बघायचे. कुणी विचारलं, "आवं, मेंढा कसा हाय?" की वडील तोंड पाडून म्हणायचे, "हाय आपला. जगतोय कसातरी." तेवढ्यात 'कसातरी' जगणारा तो मेंढा एका ढुशीत वडिलांनाच आडवं करायचा! जाणत्या गिऱ्हाइकाला मात्र सगळं बरोबर कळायचं. मालक 'हाय आपला' म्हणाला म्हणजे माल नंबरी. मालक तारीफ करायला लागला की जनावराला काहीतरी रोग आहे, असं समजून पुढं जायचं.

मीही त्याच वळणाचा. एकुलती एक पल्लवी विद्यापीठात पहिली आली, तेव्हा मी म्हणालो, "बरं झालं. जेवलीस का?" पुण्यातली नोकरी सोडून ती घरी येऊन घोंगडीच्या पिशव्या करायला लागली, तेव्हा म्हणालो, "बघ, चालतंय का." दोन वर्षांत तिनं गावाकडच्या विणकराचा बंद पडलेला माग सुरू करून दिला, लोकरीला चिंचोक्याची खळ कशी द्यायची ते शिकून घेतलं, आणि विश्रामबागेतल्या आमच्या हॉलला मेंढवाड्याचा वास आणला. ती घरी नसली की मी एकेक पिशवी उलटीपालटी करून बघायचो. इतकी नेकीची शिवण मी जन्मात बघितली नव्हती. हे तिला सांगितलं का? छे! बापाची जात!

तर साताऱ्याला एका मंगल कार्यालयात हातमालाचं प्रदर्शन भरलं होतं. पुण्यात तीन-चार दुकानं असलेल्या एक बाई खास पल्लवीचा माल बघायला यायच्या होत्या.

"बाबा, यांची ऑर्डर मिळाली तर माग चालू राहील," पल्लवी म्हणाली. "नाही मिळाली तर मी परत पुण्याला नोकरीला. मला आयोजकांनी फॉर्म भरायला बोलावलंय. दहा मिनिटं स्टॉल सांभाळा. निळ्या साडीतल्या बाई आल्या तर नुसतं बसवून ठेवा. बोलू नका काही."

ज्या माणसाला आयुष्यभर "बोला की काहीतरी" असं विनवलं गेलं, त्याला कुणीतरी पहिल्यांदाच गप्प बसायला सांगितलं, आणि तो बोलला!

बाई आल्या. एक पिशवी उचलून म्हणाल्या, "लोकर खरी आहे ना?"

"हाय आपली मेंढराची."

"टोचते का हो?"

"टोचतीय की! घोंगडं म्हटल्यावर टोचायचंच."

"वास?"

"येतोय. मेंढराचा."

"आणि टिकेल ना?"

"टिकंल की. फाटंस्तोवर."

बाई जरा थबकल्या. "तुम्ही बनवता?"

"पोरगी बनवती. हाय आपलं तिचं काहीतरी. मामुली."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दुसऱ्याच्या मालाला नावाजायचं, हीसुद्धा आमची रीतच! मी शेजारच्या स्टॉलकडे बोट केलं. "ती लाकडी खेळणी मातर लय भारी हायेत. चला, दाखवतो." आणि बाईंची पर्स धरून मी स्वतः त्यांना तिकडे पोचवून आलो!

पल्लवी परत आली. "बाई आल्या होत्या?"

"येऊन गेल्या."

"काय म्हणाल्या?"

"काय न्हाई."

पोरीचा चेहरा उतरला. ती पिशव्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालायला लागली. तेवढ्यात डबा घेऊन बायको आली. सुनंदा हायस्कुलात मराठी शिकवते. तिनं मला खांबाआड घेतलं.

"काय बोललात? शब्दन् शब्द सांगा."

मी सांगितलं. तिनं पेपर तपासावा तसं ऐकलं.

"मामुली! अहो, अरबीतून आलेला शब्द आहे तो. मामुली म्हणजे रोजच्या रिवाजातलं. तिनं जे केलंय ते तुमच्या घराण्यात कुणाच्या रिवाजात होतं?"

"किरकोळ म्हणणार हुतो," मी म्हणालो, "पर न्हाई म्हटलो."

"उपकार झाले! तो कानडीतून आलाय म्हणतात, तिकडंच राहू दे. आणि घरी तिला सारखं 'बरं, बरं' करता, तो 'बरा' कुठला माहितीय? संस्कृतातला 'वर'! वर म्हणजे निवडून घेतलेलं, उत्तम. इतका चांगला शब्द! तुमच्यासारख्यांनी घासून घासून त्याला ताप उतरल्यावर सांगायच्या कामाचा करून ठेवला!"

"आन् 'हाय आपलं' कुठनं आला गं?"

"त्याची व्युत्पत्ती तुमचे वडील!"

मी खांबाआडून सुटलो तो थेट माईकवरून सूचना देणाऱ्या पोराकडे. त्यानं पुकारलं, "पुण्याच्या, निळ्या साडीतल्या बाईंनी कृपया मंचाजवळ यावं!" मिनिटभरात चार बायका हजर. त्यातली एकही ती नव्हे!

"मी पाटणची हाय," एक जण म्हणाली, "पर साडी निळीच हाय. बक्षीस हाय का काय?"

बाई गेल्या असतील तर माग गेला, पोरगी गेली. मी माईक हातात घेतला. (ऑफिसात सत्काराच्या वेळी मी नुसते हात जोडतो.)

"पुण्याच्या बाई, असाल तिथनं ऐका! मगाशी मी खोटं बोललो. ती पिशवी मामुली न्हाई, एक नंबर हाय! माझ्या पोरीनं केलीया. माझ्या बापानं जलमभर पावसात जे घोंगडं डोक्यावर घेतलं, ते तिनं लोकांच्या खांद्यावर मिरवायला लावलं. बंद पडलेला माग सुरू केला. मला तिचा लय अभिमान हाय. सत्तावीस वर्षांत बोललो न्हाई, ही माझी चूक!"

टाळ्या पडल्या. पाटणच्या बाईंनी तर शिट्टीच मारली! मी स्टॉलकडे पळालो, तर त्या बाई तिथंच उभ्या!

"प्रत्येक स्टॉलवर एक्सपोर्ट क्वालिटी, एक्सपोर्ट क्वालिटी ऐकून कान किटले," त्या म्हणाल्या. "टोचते, वास येतो असं सांगणारे तुम्ही एकटेच भेटलात. म्हटलं, हा माणूस खरा, याचाच माल घ्यावा, म्हणून परत आले. तर आता तुम्हीही माईकवरून एक नंबर! म्हणजे तपासायलाच हवं."

आणि त्यांनी पर्समधली पाण्याची बाटली काढून अख्खी पिशवीवर उपडी केली! पाणी पिशवीवरून घरंगळलं आणि सरळ त्यांच्या साडीवर गेलं. साडी चिंब! बाईंनी पिशवीत हात घातला. कोरडी ठणठणीत!

ओल्या निऱ्या पिळत पिळत बाईंनी ऑर्डर लिहून दिली. दोनशे पिशव्या, दिवाळीच्या आत!

त्या गेल्यावर पल्लवी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले. "बाबा, ते मनापासून बोललात?"

मी तोंड उघडलं. घसा खाकरला. पुन्हा उघडलं. तिकडे माईकवर हरवलेली चप्पल पुकारली जात होती. शेवटी मी म्हणालो, "डबा गार होतोय."

त्याला आता दोन महिने झाले. घरात माईक नाही, म्हणून हे लिहून काढलं आणि तिच्या शिलाई मशीनवर ठेवलं. ती वाचेल तेव्हा मी कोथिंबीर आणायला बाहेर पडलेलो असेन. कोपऱ्यावरच मिळते, पण मी मिरजेहून आणणार आहे!