गयामावशीची सुकट

गयामावशीला काही सांगायचं म्हणजे दोनदा सांगावं लागे. आधी ती डोक्यावरचा पदर नीट करायची, ऐकायची आणि मग म्हणायची, "अजून एकदा सांग, माय. बिनशिकल्याचं डोकं हाय." दुसऱ्यांदा ऐकलं की सगळं परत म्हणून दाखवायची. मुदखेडला आमची घरं भिंतीला भिंत लावून. वडील मला नर्सिंगला पाठवायला तयार नव्हते, तेव्हा आमच्या ओट्यावर ठाण मांडून तिनंच त्यांना वळवलं. "शिकल्याल्याचं ऐकावं," हे तिचं पालुपद. पुढं ती माझंच ऐकू लागली.

तिचं बीपी वाढलं तेव्हा मी नांदेडच्या एका दवाखान्यात सिस्टर होते. मोठ्या ऐटीत सांगितलं, "गोळी रोज घ्यायची. स्वयंपाकात मीठ कमी. मासे खात जा, पण तळून नको. माशातली चरबी चांगली असते, बीपीला बरी." मावशीनं ते म्हणून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

बीपी काही उतरेना. दर महिन्याला मशीनवर वरचाच आकडा, आणि मी चिडायची. "गोळ्या चुकवतेस तू. खोटं बोलू नकोस."

"तुझ्यासंगं खोटं बोलून म्या कुठं जाऊ?" एवढंच म्हणून ती मान खाली घालायची. मलाही बीपीची गोळी सुरू झाल्याचं तिला कळलं, तेव्हा मात्र स्वतःचं विसरून माझ्या तोंडावरून हात फिरवत बसली.

एका रविवारी तिनं आग्रहानं जेवायला बसवलं. वरणात मिठाचा कण नव्हता. भाकरीशेजारी लाल चटणी होती. घास घेतला आणि मिठानं जीभ चरचरली. सुकट! खारवून वाळवलेली मासळी.

"मावशी, हे रोज खातेस?"

"हाव. ताजं मासं इथं रोज कुठून आणू? सुकट काय झाडाला लागती व्हय? मासंच की ते. तळत न्हाई, निस्ती भाजती. सून म्हणती वरण अळणी. म्या म्हणलं, रंजीनं सांगितलंय." मग माझा चेहरा बघून ती चपापली. "चुकलं का काय माझं?"

चुकलं होतं माझं. कोणते मासे, ते मी सांगितलंच नव्हतं, आणि वर तिलाच खोटारडी ठरवलं होतं. 'बंद कर, मीच चुकले,' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण सून समोर उभी होती आणि माझी सिस्टरकी आडवी आली. मी म्हणाले, "नाही गं. थोडी कमी कर."

"थोडी कमी," तिनं म्हणून दाखवलं.

दोन महिन्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊन मावशी गेली. डॉक्टर म्हणाले, अशाला कारणं पुष्कळ असतात. असतीलही. मला अजून डॉक्टरांच्या त्या उत्तरानं झोप लागत नाही.

मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धवंदना झाली, माणसं जेवायला बसली, तेव्हा सुनेनं मला आत बोलावून हातात स्टीलचा एक डबा ठेवला. झाकण उघडायची गरज नव्हती, वास आलाच.

"आत्यानं तुमच्यासाठी ठिवली हाय, ताई," ती म्हणाली. "रोज आपल्यातली थोडी कमी करायच्या अन् यात टाकायच्या. म्हणायच्या, रंजीलाबी बीपी हाय, तिला कोण करून घालतंय?"