बंद घरांचं पत्र

विट्याच्या पूर्वेला माळावर अमृतचं गाव. गावातले निम्मे पुरुष परमुलखात सोनं गाळायला गेलेले आणि त्यांचे टाइल्स लावलेले बंगले कुलपात. अमृतच्या आजोबांनी मेंढरं राखली, थोरला भाऊ ज्योतिबा सेलमला भट्टी राखतो, आणि हा पठ्ठ्या काय राखतो, तर ई-मेलची यादी! दर सोमवारी तो या गलाईवाल्यांना पत्र पाठवायचा. वाचक नऊ. त्यातला एक तो स्वतः.

ज्योतिबानं फोनवर दम भरला होता, "जत्रेपतोर शंभर वाचनारं झालं तर ऱ्हा गावात. न्हाईतर जत्रेला येतो आन् तुला भट्टीवर घिऊनच जातो." भट्टीच्या ॲसिडचा वास अमृतला नुसत्या आठवणीनंही सोसत नसे. आई अंजना एकटी पडेल ही काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर ती दुसऱ्या नंबरावर होती.

मग त्यानं वाचक वाढवायला शिकवणाऱ्या पुण्याच्या एका गुरूचा ऑनलाइन वर्ग लावला. "विषय निमुळता करा," गुरू म्हणाले. जगातल्या सोन्यावर लिहिणारा अमृत भारतातल्या सोन्यावर आला. वाचक सात. ज्यांचा दिवस सोन्यात जातो त्यांना हा सोनं शिकवणार! मग सोन्याच्या धंद्यातल्या यशाची सूत्रं. वाचक चार. "आणखी निमुळता," गुरू म्हणाले. विषय इतका निमुळता झाला की अमृतला तो दिसेनासाच झाला.

अंजना रोज सकाळी किल्ल्यांचा जुडगा घेऊन ते बंगले झाडायला जाई. एका सोमवारी काहीच सुचेना, तेव्हा तिची बडबड त्यानं रागारागानं तशीच टाइप केली. नाथाजीच्या जिन्यात मांजर व्यालंय. संयोगिताच्या गच्चीवरची टाकी गळतीय. ज्योतिबाच्या दारातला शेवगा फुलावर आलाय, खायाला कोन न्हाई.

संध्याकाळपर्यंत सेलमपासून गुवाहाटीपर्यंतची उत्तरं येऊन पडली. "पिल्लं किती?" "आमच्याबी घराचं लिव की गड्या!" दोन महिन्यांत वाचक दोनशे बारा. गुरूंनी नव्या शिष्यांपुढे हेच उदाहरण ठेवलं, जणू ते मांजर त्यांच्याच सल्ल्यानं व्यालं होतं.

जत्रा आली. अंजनानं ज्योतिबाचा बंगला धुऊन काढला, त्याच्यासाठी सांडगे घातले. पण दरवर्षी झुंबड उडायची त्या पालखीला यंदा खांदे मिळाले सहा, त्यातले दोन जावयांचे. ज्योतिबा आला नाही, पत्राला त्याचं फक्त उत्तर आलं. अमृतनं ते आईला वाचून दाखवलं : "पैज जिंकलास. आता तुला न्यायाचं कारन न्हाई. घराचं सोमवारी कळतंयच, मग यिऊन काय करू? बाकीचीबी तसंच म्हनत्यात."

अंजनानं किल्ल्यांचा जुडगा खुंटीला अडकवला. अमृतला स्वतःच्या दोनशे बारा वाचकांची पहिल्यांदाच लाज वाटली.

"आता मी सांगती तेवढंच लिव," ती म्हणाली. "अंजनानं झाडायाचं बंद केलंय. ज्येचं घर त्येनं यिऊन बघावं."

"आये, मग पत्रात लिवू काय? पत्रच संपलं की. आन् वाचनारं ऱ्हायलं न्हाईत तर मला भट्टीवर जावं लागंल."

"व्हय."

अमृतनं सोमवारपर्यंत कळ काढली, आणि शेवटी ती एवढीच ओळ पाठवली. पाच मिनिटांत सेलमहून उत्तर आलं, "आये आजारी हाय का? निघालोय."

अंजना शेवग्याच्या शेंगा काढायला उठली. अमृतनं माळ्यावरची आपली बॅग खाली काढली.