खोटं खोटं गाऱ्हाणं

समाजशास्त्रात मी पहिल्या वर्गात पास झालो, आणि त्यामुळे माझं शिक्षण थांबलं.

पेडण्याच्या आमच्या सरकारी कॉलेजात ज्याला सायन्स झेपत नाही आणि कॉमर्स उमजत नाही तो समाजशास्त्राला बसत असे. मी दोन्ही कारणांनी बसलो होतो. पण आमचे कामत सर रोज मडगावहून बस बदलत बदलत, अर्धा गोवा पालथा घालून शिकवायला यायचे. त्या माणसाची दया येऊन मी अभ्यास करायला लागलो आणि बघता बघता मला तो विषय आवडायला लागला. सर म्हणाले, "पहिला वर्ग आण. पुण्याला एम.ए.चं मी बघतो." डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवणाऱ्या बाबांनी बरेच आढेवेढे घेऊन होकार दिला. आईने तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून हिरवी ट्रंकसुद्धा आणली. मी तिच्यावर पांढऱ्या रंगाने माझं नाव आणि खाली 'पुणे' असं लिहून टाकलं. (घाई मला पहिल्यापासूनच.)

शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता, गावातली एखादी रूढी. मी गाऱ्हाणं घेतलं. आमच्याकडे कुठलंही काम असो, आधी देवापुढे नारळ ठेवायचा. मग जाणता माणूस देवाला मोठ्याने सांगतो की आम्हाला अमुक हवंय, ते दिलंस तर आम्ही तमुक करू. मागे उभी असलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. एकदा म्हटलं की शब्द गेला. गावात हा मान आमच्या घराचा, आणि घरात भाऊकाकांचा. भाऊकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांना मूलबाळ नाही. दर जत्रेला ते माझ्याकडे आशेने बघायचे आणि मी देवळामागे सटकायचो.

सरांचा टेपरेकॉर्डर घेऊन मी काकांकडे गेलो.

"देवाच्या जाग्यार मशीन नाय," काकांनी सांगितलं.

"मग कॉलेजात येवन घाला. खोटा खोटा. नुसता दाखवूक."

काकांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली. "खोटा गाऱ्हाणा कसा घालतत, ता माका ठावक नाय. बरा, येतंय. पण नारळ खरो व्हयो."

मला वाटलं, एका नारळात काम झालं. स्वस्तात पडलं.

ठरल्या दिवशी काका धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून हजर झाले, आणि त्यांच्या मागून गावातली चार म्हातारी माणसं. मी विचारलं, ही कशाला? "व्हय म्हाराजा कोण म्हणतलो? तुजो मास्तर?" कामत सरांनी त्यांना बसायला कदेलां, म्हणजे खुर्च्या, दिली, पण काकांसमोर कोणी कदेलावर बसेना. काकांनी वर्गातली बाकं बाजूला करायला लावली. फळ्याखालची जागा आमच्या शिपायाने पाणी शिंपडून पुसली आणि स्वतःच्या चपला काढून तोही हात जोडून उभा राहिला. ते बघून आम्ही पोरांनी चपला काढल्या. शेवटी मडगावच्या सरांनीही बूट काढले. त्यांच्या एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, पण हसायची कोणाची छाती झाली नाही.

"काका, जरा खरं वाटेल असं म्हणा हं," सरांनी टेप चालू करत सांगितलं. "नैसर्गिक यायला हवं."

"खरा वाटाक व्हया," मीही काकांना समजावलं. चूक काय झाली असेल तर ती इथे.

काकांनी नारळ ठेवला आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी तुज्या पायांकडे नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा!"

"माज्या भावाचो झील परीक्षेक बसता हा, तेका पयल्या वर्गात पास कर."

"व्हय म्हाराजा!" यात माझा आवाज सगळ्यांच्या वर होता. टेपमध्ये नीट यायला हवा ना.

"आणि तो पास झालो, की माज्या मागे ह्याच गावात रवान तोच तुजा गाऱ्हाणा घालीत."

वाक्याच्या तालात मी पुन्हा कोकललो. "व्हय म्हाराजा!" म्हणजे मी गावातच राहायचं, हा अर्थ डोक्यात शिरला तेव्हा काका पायरीवर नारळ फोडत होते. सरांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून "फारच छान" म्हटलं.

प्रकल्पाला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. पहिला वर्गही आला. मी पेढे घेऊन घरी पोचलो तर आई ट्रंकेसमोर बसून रडत होती.

"आगे, ता खोटा होता," मी सांगितलं. "प्रात्यक्षिक!"

"तू व्हय म्हटलंस मा?"

"म्हटलंय. पण–"

"मगे?"

बाबांनी तोडगा काढला, देवालाच विचारू. देवळात मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर जा, डावी पडली तर राहा. डावी पडली. मी म्हटलं, वाऱ्याने पडली असेल, परत लावा. भाऊकाका शांतपणे म्हणाले, "देवाकडे पुरवणी परीक्षा नसता, बाबा."

सरांनी दोनदा निरोप पाठवला. मग थांबले. मी इथल्याच हायस्कुलात लागलो. वर्गात समाजाचा माणसावर किती दाब असतो ते शिकवताना मला उदाहरण शोधावं लागत नाही. पुण्याचं वाईट वाटतं. आजही वाटतं. बरीच वर्षं मी काकांशी कामापुरतं बोलायचो, त्याचं त्याहून वाईट वाटतं.

काका आजारी पडले तेव्हा मी शेवटी विचारलं, "काका, तुमी त्या दिवशी मुद्दाम मागितल्यात?"

"खरा वाटाक व्हया म्हणान तूच सांगितलंस. मग जा खरा व्हया होता, ताच मागितलंय." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "तू पुण्याक गेलेलो बरो दिसलो असतंस रे."

आता गाऱ्हाणं मीच घालतो. पुण्याच्या ट्रंकेत काकांचं धोतर आणि देवळाची हातघंटा असते.

यंदा माझी मुलगी त्याच कॉलेजात समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा मोबाईल समोर धरून म्हणाली, "बाबा, प्रकल्पाक एक गाऱ्हाणा घाल मरे. खोटा खोटा."

मी धोतर नेसलो, घरच्यांना मागे उभं केलं, नारळ ठेवला, डोळे मिटले. जे पोटात होतं ते तोंडात आलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या माज्या चेडवाक पास कर, आणि पास झाला की तेका पुण्याक शिकाक धाड. वाटेत कोणाची आडकाठी येव नये."

"व्हय म्हाराजा!" तीच सगळ्यांत मोठ्याने ओरडली. मला भरून आलं. मी उठून पायरीवर गेलो.

मागून ती धावत आली. "बाबा, थांब! माका खंयच जावचा नाय. माका हंयच तुज्या शाळेत शिकवूक व्हया!"

पण नारळ फुटला होता.