काकूंच्या खिडकीतलं डबडं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला सांगितलं असतं कदाचित — पण आई असती तर हे घडलंच नसतं.

मनीषनगरात आमच्या गल्लीपलीकडे वत्सलाकाकू एकट्या राहतात. मीही एकटीच. त्यांना टॅबवर पुण्याचा मुलगा दिसावा म्हणून मी माझ्या गॅलरीत वायफायचं एक डबडं लावलं, दुसरं त्यांच्या खिडकीत. माझं नेट तिकडे पोचायचं. एकदा सहज माझ्याकडचं एन्क्रिप्शन, म्हणजे वायफायचं कुलूप, नव्या प्रकारचं केलं आणि जोडणी तुटली. त्यांच्या जुन्या डबड्याला ते झेपेना. दोन्हीकडे कुलूप एकाच जातीचं हवं, हे सापडेपर्यंत अख्खी संध्याकाळ मी काकूंकडे होते. त्यांनी गोळाभात वाढला, वरून कढत तेल घातलं. मला कोणी आग्रह करून वाढल्याला किती दिवस झाले होते...

मग? मग मी ते कुलूप मुद्दाम बदलू लागले. घरी बसून, फोनवरून. थोड्या वेळानं हाक यायचीच — "सुनीता, डबडं रुसून राहिलं वं." मी जायची, कपाळाला आठ्या घालून बटणं दाबत बसायची. लबाडीच ती — दुसरं काय म्हणू?

आणि मग नातीचं बारसं. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे काकूंना पुण्याला जाता येईना. पाळणा त्या टॅबवरून म्हणणार होत्या, रोज गुणगुणत होत्या. मला ये म्हणाल्या नाहीत. सुचलं नसेल — पण मला ते लागलं. त्या दुपारी मी कुलूप बदललं. हाक येईल, मी जाऊन जोडून देईन, मग तिथेच बसून बघेन. इस्त्रीची साडी नेसून बसले होते.

हाक आली नाही. गल्लीत नुसते कूलर घुरघुरत होते. मी आपणहून का गेले नाही? बोलावल्याशिवाय जायचं नव्हतं मला.

ऊन उतरल्यावर काकूच काठी टेकत आल्या, हातात घुगऱ्यांची वाटी. "दुपारची झोपली असशील, काहून उठवाचं म्हटलं तुले. मी टॅबच धरून बसली. कूलरच्या आवाजात पोराचा फोनही ऐकू नाही आला. त्यायनं मंग मोबाईलवरचाच पाळणा लावला."

मी घुगऱ्या खाल्ल्या. त्यांच्यासमोरच, सगळ्या.

त्या गेल्यावर कुलूप पूर्ववत केलं. त्यानंतर हात लावला नाही. डबडं रुसत नाही, हाकही येत नाही. भेटेल त्याला काकू सांगतात, आमच्या सुनीतानं एकदाचं नीट करून दिलं. मी तिथे असले तर मान डोलावते.