चादरीखालची पानपिंपळी

कुर्बानच्या पोटात गोष्ट टिकली, असं अंजनगाव सुर्जीत कोणी पाहिलं नव्हतं. कोणाची सोयरीक मोडली, कोणाचा पोरगा दहावीत गचकला, सगळं त्याच्या कॉम्प्युटर क्लासच्या पायरीवर कळायचं. बाप गाद्या भरणारा. यानं पिंजण सोडून कॉम्प्युटर धरला. साल २००६. कापसात राम उरला नव्हता, म्हणून शेतकरी पोरांना त्याच्याकडे धाडत होते.

त्याचे सहाही कॉम्प्युटर नांदगाव पेठेतल्या एका बंद कारखान्याच्या भंगारातले. हार्डडिस्क आधीच कोणी काढून नेलेल्या. कुर्बान त्यांना सीडीवरच चालवायचा. पण सीडीवर काही लिहिता येत नाही. वीज गेली की पोरांनी केलेलं सगळं पुसलं जायचं, आणि वीज रोज न चुकता जायची.

महिनाभर डोकं खाजवून त्यानं तोड काढली. पेनड्राइव्हवर एक थर तयार करायचा आणि तो सीडीवर अंथरायचा. लिहाल ते थरावर राहतं. सीडीतलं काही खोडलं, तर थरावर नुसती ‘हे नाही’ अशी खूण होते. खाली ते जसंच्या तसं असतं. कुर्बानच्या भाषेत, गादी तीच, चादर आपली. दर दोन-तीन महिन्यांनी तो चादरीवरचं सगळं गादीत भरून नवी सीडी करायचा. ही युक्ती त्यानं अर्ध्या तालुक्याला ऐकवली, रसवंतीवाल्यालासुद्धा.

त्याचे सगळ्यात म्हातारे विद्यार्थी म्हणजे शेषराव. पानपिंपळीचा, म्हणजे त्या औषधी वेलाचा, मळा पिकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. वेल कधी लावायचा, सावली किती ठेवायची, मर लागली तर काय करायचं, हे त्यांच्या घरात बापानं थोरल्या मुलालाच सांगायचं, बाहेर नाही. शेषरावांना मूलबाळ नव्हतं. चार महिने एका बोटानं टाइप करून त्यांनी सगळं उतरवलं.

आता ही गोष्ट कुर्बानच्या तोंडात किती दिवस राहणार? पायरीवरून ती शेषरावांच्या धाकट्या भावापर्यंत, नत्थुजीपर्यंत गेली. नत्थुजी क्लासात येऊन गरजला, की घरची विद्या गावात वाटायला काढली काय? शेषराव कॉम्प्युटरपुढे बसले. त्यांनी सगळं खोडलं, चष्मा खिशात घातला आणि घरी गेले.

शेषरावांचं लिहून झाल्यावर दिवाळीत भरलेल्या नव्या सीडीत सगळं शाबूत आहे, हे एकट्या कुर्बानला माहीत होतं. पण म्हाताऱ्याचं मन आपल्याच जिभेनं मोडलं, हे त्याला फार लागलं. त्यानं ते बायकोला, खुर्शीदबीलाही सांगितलं नाही. नवरा इतका गप्प कसा, म्हणून तिनं त्याला दोनदा काढा पाजला.

दुसऱ्या वर्षी शेषरावांना अर्धांगवायू झाला. जीभ जड पडली. त्याच पावसाळ्यात नत्थुजीच्या मळ्याला मर लागली, वेल उभेच्या उभे वाळू लागले. औषधवाल्यांचे सगळे उपाय हरले तेव्हा तो मान खाली घालून क्लासात आला. भावानं लिहिलेलं काही उरलं आहे काय, असं त्यानं हळूच विचारलं.

हो म्हणायला कुर्बानची जीभ नुसती वळवळत होती. पण ती विद्या त्याची नव्हती. उद्या सांगतो, एवढंच तो म्हणाला आणि संध्याकाळी सीडी घेऊन शेषरावांच्या खाटेशी जाऊन बसला.

“काकाजी, तुमी खोडलं ते चादरीवरचं. खाली सारं तसंच हाय. माह्या तोंडानं घात केला होता, म्हणून आतालोक कोणाले बोललो नाई. नत्थुजीचा मळा जाऊन राहिला. देऊ काय त्याले?”

शेषरावांनी उशीवरून मान त्याच्याकडे वळवली. मग एकेक शब्द ओढून काढू लागले.

“त्याले... नोको.”

कुर्बाननं सीडी पिशवीत ठेवली. त्याला रडू फुटायचंच बाकी होतं. म्हाताऱ्यानं चांगल्या हातानं त्याचं मनगट धरलं, कारण बोलणं अजून संपलं नव्हतं.

“एकट्याले नोको. साऱ्यायले दे.”